पश्चिम भारतातील प्रारंभिक राष्ट्रवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शिक्षक, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि नुसत्या कुतूहलापोटी वाचणारे असे अनेक जण या विषयावर प्रश्न पाठवीत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. भर मुंबई इलाख्यावर आहे. बंगाल आणि मद्रास यांचा उल्लेख संदर्भापुरता येतो. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न मांडता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘प्रारंभिक राष्ट्रवाद’ म्हणजे नेमका कोणता काळ धरायचा?

पाठ्यपुस्तकांत साधारणपणे १८८५ ते १९०५ हा काळ दिलेला असतो. परीक्षेच्या उत्तरासाठी तो ठीक आहे, पण त्यामुळे काँग्रेस एका सकाळी आकाशातून पडली असा समज होतो. मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर इंग्रजी राज्याच्या आर्थिक परिणामांवर छापील टीका १८४१ पासून दिसते (प्रश्न ३), संघटित राजकीय संस्था १८५२ पासून आणि लोकांकडून रीतसर अधिकारपत्र घेऊन बोलणारी संस्था १८७० पासून दिसते (प्रश्न ४). या पानावर १८४१ ते १८९७ हा पट्टा धरला आहे. तो १८९७ मध्येच का थांबवला, याचे उत्तर प्रश्न १५ मध्ये आहे.

२. मग १८५७ पासून सुरुवात का करत नाही?

कारण या पानावर ज्या परंपरेचा विचार आहे, तिने १८५७ च्या उठावाशी आपले नाते सांगितले नाही. सभा भरवणे, ठराव करणे, आकडे गोळा करणे आणि सरकारला त्याच्याच कायद्यांची व जाहीरनाम्यांची आठवण करून देणे ही या मंडळींची रीत होती. राणीचा १८५८ चा जाहीरनामा त्यांना विशेष प्रिय होता, कारण त्यात नोकऱ्यांमध्ये वंश व धर्म यांवरून भेद न करण्याचे आश्वासन होते आणि ते पुढे करून सरकारला पेचात पकडता येत असे. उठावाचा धसका मात्र सर्वांच्याच वाट्याला आला. बॉम्बे असोसिएशन या मुंबईतील राजकीय संस्थेचे (प्रश्न ४) पुढारी जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या प्रतिष्ठित गृहस्थावरही त्या वर्षी सरकारी संशयाची सावली पडली होती.

३. हा राष्ट्रवाद इंग्रजी शिक्षणामुळे आला, असे सरसकट म्हणता येईल का?

अर्धेच म्हणता येईल. एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेली पहिली पिढी नसती तर या चळवळीला तिची भाषा मिळाली नसती, हे खरे आहे. दादाभाई नौरोजी त्याच संस्थेचे, आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेही त्याच परंपरेतले. परंतु केवळ शिकल्याने कोणी असंतुष्ट होत नाही. शिकलेल्या माणसाला रोज दिसणारी गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट यांचा मेळ बसेना, तेव्हा असंतोष सुरू झाला. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘एक हिंदू’ या अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने बॉम्बे गॅझेटमध्ये पत्रे लिहून, इंग्रजी राज्य देशातील संपत्ती बाहेर नेत आहे असे थेट सांगितले. तेव्हा मुंबईला विद्यापीठ नव्हते आणि रेल्वेही नव्हती.

दुसरा अर्धा वाटा मराठी छापखान्याचा आहे. बाळशास्त्री जांभेकर यांचे दर्पण हे वृत्तपत्र १८३२ मध्ये निघाले, भाऊ महाजन यांचे प्रभाकर १८४१ मध्ये, ज्ञानप्रकाश १८४९ मध्ये आणि इंदुप्रकाश १८६२ मध्ये. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून प्रभाकरातून आली. आपल्या गावाची तक्रार दुसऱ्या गावची माणसे वाचतात आणि तीच आपलीही तक्रार आहे असे म्हणतात, ही सवय या वृत्तपत्रांनी लावली, आणि ती सवय पदवीपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचली.

४. मुंबईची बॉम्बे असोसिएशन १८५२ ची. मग पुण्याच्या सार्वजनिक सभेचेच एवढे कौतुक का केले जाते?

कालक्रमाने पाहिले तर मान मुंबईचाच. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई, नौरोजी फर्दुनजी, दादाभाई नौरोजी अशी नावे तिच्याशी निगडित आहेत. ईस्ट इंडिया कंपनीची सनद १८५३ मध्ये नव्याने मंजूर व्हायची होती. त्या निमित्ताने पार्लमेंटकडे गाऱ्हाणे पोचवावे, या हेतूने कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे एका वर्षाच्या अंतरात अशा संस्था उभ्या राहिल्या. परंतु त्या शहरातील प्रतिष्ठितांच्या संस्था होत्या. सभासद कोणाच्या वतीने बोलतात, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नाही.

पुण्याची गोष्ट वेगळी झाली, आणि तिचे मूळ एका देवस्थानाच्या तंट्यात आहे. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्या मांडायच्या तर पुणेकरांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, हा मुद्दा उपस्थित झाला. त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. वकील गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण होते. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले ते याच कामामुळे.

सभेचा नियम असा होता की, ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. मुखत्यारपत्र हा कोर्टकचेरीतला रोजचा कागद. जमिनीच्या वादात मुखत्यार किंवा वकील ज्या कागदाच्या जोरावर दुसऱ्याच्या वतीने उभा राहतो, तोच कागद जोशींनी राजकारणात आणला. सुरुवातीला सुमारे ६,००० लोकांच्या वतीने ९५ सभासद निवडले गेले. सर्व जातींना आणि सर्व धर्मांना दार उघडे होते, तरी प्रत्यक्षात सभासदांत सरदार, इनामदार, सावकार, वकील आणि निवृत्त सरकारी नोकर यांचाच भरणा होता, हेही नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा सरकारी मतदानाचा अधिकार कोणालाही नसताना एका संस्थेने आपला अधिकार खालून मागून घ्यावा, ही या साऱ्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. पुढची बहुतेक भांडणे याच प्रश्नाभोवती फिरतात (प्रश्न ९, १० आणि १५ पाहा).

५. सार्वजनिक सभेचे पहिले अध्यक्ष भवानराव पंतप्रतिनिधी होते ना?

नाही. औंधचे अधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे पहिले अध्यक्ष. भवानराव हे त्यांचे पुत्र आणि सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्ध, पण त्यांचा जन्म १८६८ चा आहे. सभा स्थापन झाली तेव्हा ते दोन वर्षांचेही पुरते नव्हते. चूक इंटरनेटवर इतकी पसरली आहे की ती प्रश्नसंचांतही शिरली आहे.

६. अर्ज-विनंत्यांनी शेवटी मिळाले तरी काय?

हा प्रश्न बहुधा उपहासाने येतो. ‘भिक्षांदेही’ हा शब्द पुढच्या पिढीने रूढ केला आणि आपण तो विचार न करता उचलला. अर्जाच्या आधी काय होत असे, ते पाहिले पाहिजे. सार्वजनिक सभेने १८७२ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमली. तीनच वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जखते जाळली आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा केला. या कायद्याचे श्रेय सभेला देता येणार नाही, ते दंग्यांचे आहे. पण शेतसारा जड आहे आणि शेतकरी कर्जात बुडाला आहे, हे सरकारला आधी कागदावर सांगितले गेले होते.

त्याहून बोलका प्रसंग १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचा आहे. सभेने तालुक्यांत आपली माणसे पाठवून पिकाची, पाण्याची, गुरांची आणि स्थलांतराची माहिती मागवली आणि ती एकामागून एक पत्रांनी सरकारपुढे ठेवली. खर्च कमी करण्यासाठी आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली, तेव्हा एवढ्यावर काम करणारे शरीर तगत नाही, असा आक्षेप सभेने घेतला. अनेक ठिकाणी मजुरांनी त्या दराने काम करण्यास नकार दिला आणि सभेने त्यांची बाजू घेतली. म्हणजे अर्ज लिहिणारे आणि कामावर न जाणारे यांच्यात, थोडे दिवस का होईना, एक धागा जुळला होता.

याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले. सार्वजनिक काकांनी १८७२ मध्येच देशी कापड वापरण्याचे व्रत घेतले होते. रेशमी आणि जरीच्या पोशाखांनी भरलेल्या त्या दरबारात ते हातकताईच्या पांढऱ्या जाड्याभरड्या कपड्यांत गेले आणि सभेच्या वतीने मानपत्र दिले. मानपत्राची भाषा राजनिष्ठेची होती, पण हिंदी लोकांना ब्रिटिश प्रजेइतकाच राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा, ही मागणी तिच्यात होती. निष्ठा आणि मागणी एकाच वाक्यात बसवण्याची ही कला आज कृत्रिम वाटते. त्या काळी तीच उघड राजकारणाची अट होती.

७. संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त साध्या शब्दांत सांगाल का?

भारतातून दरवर्षी असा पैसा आणि माल बाहेर जातो, ज्याच्या मोबदल्यात देशाला काहीच परत येत नाही, हा त्याचा गाभा. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार व पेन्शने, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च, कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला ५ टक्के परतावा आणि भारताबाहेरच्या लढायांचा भार ही त्यातली ठळक कलमे. दादाभाईंनी हा मुद्दा १८६७ मध्ये लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे मांडला आणि पुढे आयुष्यभर लावून धरला.

त्यांची पद्धत पाहण्याजोगी आहे. त्यांनी सरकारचेच पिकांचे आकडे प्रांतवार घेतले, उत्पन्नाची किंमत काढली आणि लोकसंख्येने भागले. १८६७-६८ साठी दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये निघाले. मग सरकारी तुरुंगात कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च होतो, हे त्यांनी शेजारी मांडले. गुन्हेगाराला सरकार जेवढे देते, तेवढेही सरासरी प्रजाजनाच्या वाट्याला येत नाही, हे दाखवायला आणखी विशेषणांची गरज उरली नाही.

या सिद्धान्ताबाबत सगळ्यांचे एकमत होते असे समजू नये. रानड्यांना निःसारण मान्य होते, पण १८९० मध्ये पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेत त्यांनी त्या वादातच अडकून न पडता देशी कारखानदारी, पतपुरवठा आणि कौशल्य यांकडे लक्ष द्यावे असा आग्रह धरला.

८. काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात होणार होते, हे खरे का?

खरे आहे. निमंत्रणपत्रिकेत ‘इंडियन नॅशनल युनियन’ची (काँग्रेसचे आधीचे नाव) परिषद डिसेंबर १८८५ मध्ये पुण्यात भरेल असे होते, पर्वतीजवळच्या पेशव्यांच्या बागेत जागा ठरली होती आणि व्यवस्था सार्वजनिक सभेकडे होती. ऐनवेळी पुण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) रुग्ण आढळल्याने परिषद मुंबईला हलवली गेली आणि २८ डिसेंबर रोजी गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ती सुरू झाली. अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी होते.

९. पहिल्या अधिवेशनाला आलेल्या ७२ जणांना देशाचे प्रतिनिधी म्हणायचे कशाच्या आधारावर?

त्यांच्या टीकाकारांनीही हेच विचारले होते. ७२ पैकी बहुतेक वकील, पत्रकार, शिक्षक आणि व्यापारी होते. मुंबई व मद्रास इलाख्यांचे प्रतिनिधी पुष्कळ, बंगालचे अगदी थोडे, आणि मुसलमान दोनच. सुरेंद्रनाथ बॅनर्जी त्याच सुमारास कलकत्त्यात भरलेल्या दुसऱ्या परिषदेत गुंतले होते. पुण्याहून गोपाळ गणेश आगरकर, वामन शिवराम आपटे, सीताराम हरी चिपळूणकर, कृष्णाजी लक्ष्मण नूलकर आले होते. रानडे सरकारी नोकरीत असल्याने उपस्थित असूनही प्रतिनिधी नव्हते.

ही उणीव त्यांना ठाऊक होती. पुढच्या वर्षांत प्रतिनिधी जाहीर सभांतून किंवा मान्य संस्थांकडून निवडून यावेत असा आग्रह वाढला. १८८६ मध्ये कलकत्त्यात चारशेहून अधिक प्रतिनिधी आले, आणि १८८९ मध्ये मुंबईत, योगायोगाने, १,८८९. नोव्हेंबर १८८८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनने जाता जाता या सुशिक्षितांना सूक्ष्मदर्शकातून पाहावे लागेल इतके अल्पसंख्य ठरवले. टोमणा झोंबला, कारण तो पूर्ण खोटा नव्हता.

मुसलमानांच्या सहभागाबाबत वेगळा प्रश्न येतो, तो येथेच घेतो. १८८७ चे अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते, तर त्याच वर्षी सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसला उघड विरोध सुरू केला. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनाने असा नियम केला की, हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असलेला विषय चर्चेला घ्यायचा नाही.

१०. महात्मा फुले राष्ट्रीय चळवळीच्या विरोधात होते का?

ते ‘राष्ट्रीय’ म्हणवणाऱ्यांच्या दाव्याच्या विरोधात होते. सार्वजनिक सभा आणि काँग्रेस या दोन्ही संस्था वरच्या जातींच्या आहेत. ज्या समाजात माणसे एकत्र जेवत नाहीत, आपसात लग्ने करीत नाहीत आणि एकमेकांना शिवत नाहीत, तेथे एकमय लोक म्हणजे राष्ट्र अजून झालेलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सभेच्या मुखत्यारपत्रावर शूद्रातिशूद्र शेतकऱ्याची सही कितीशी होती, असे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. म्हणून फुल्यांच्या टीकेला राजनिष्ठा म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. प्रतिनिधित्वाचा प्रश्न त्यांनी अधिक खोलवर नेला.

आणि संबंध अगदीच तुटलेले नव्हते. कोल्हापूर प्रकरणात (कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल केसरी व मराठा या पत्रांनी तेथील दिवाणावर केलेले आरोप) १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनाची सोय फुल्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक रामशेट उरवणे यांनी केली. चार महिन्यांची शिक्षा झालेले दोघे १०१ दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचे स्वागत केले.

११. वासुदेव बळवंत फडके यांना या चौकटीत कोठे बसवायचे?

चौकटीच्या काठावर, पण बाहेर नव्हे. लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेले फडके पुण्यातील व्याख्याने ऐकत होते. दुष्काळाने त्यांना निराळ्या निष्कर्षावर नेले आणि १८७९ मध्ये रामोशी साथीदारांसह त्यांनी बंड केले. पकडले गेल्यावर त्यांच्या बचावाला उभे राहिले ते सार्वजनिक काका. फडक्यांना जन्मठेपेवर एडनला पाठवले गेले आणि १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. बंडाच्या दिवसांतच पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लागली, आणि सरकारचा संशय थेट रानड्यांपर्यंत गेला. त्यांची बदली धुळ्याला झाली व तेथे त्यांची पत्रे तपासली जाऊ लागली. सनदशीर आणि सशस्त्र हे दोन कप्पे आपण इतक्या सफाईने वेगळे करतो, तितके ते सरकारला तरी वेगळे दिसत नव्हते.

१२. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे निवृत्त इंग्रज अधिकारी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी असंतोषाची वाफ सोडणारा ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ म्हणून काँग्रेस काढली, हे कितपत ग्राह्य धरावे?

सरकारच्या कारस्थानातून काँग्रेस जन्मली, या अर्थाने अजिबात नाही. हा समज विल्यम वेडरबर्न यांनी लिहिलेल्या ह्यूम यांच्या चरित्रातील गुप्त अहवालांच्या उल्लेखावरून पसरला आणि लाला लजपतराय यांनी १९१६ मध्ये मवाळांवर टीका करताना तो वापरला. ह्यूम १८८२ मध्येच नोकरीतून निवृत्त झाले होते आणि डफरिनचे काँग्रेसविषयीचे मत काय होते, ते प्रश्न ९ मध्ये आले आहे. शिवाय १८८४ मध्ये मद्रास महाजन सभा आणि जानेवारी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली होती. अखिल भारतीय संस्थेची वीट रचायची तेवढी उरली होती. असंतोषाला वाट मिळावी असे ह्यूम यांना वाटत होते हे खरे, पण हिंदी पुढाऱ्यांनाही एखादा निवृत्त इंग्रज पुढे असलेला सोयीचा होता.

१३. स्त्रिया या चळवळीत होत्या का?

अगदी थोड्या, पण होत्या. सार्वजनिक काकांच्या पत्नी सरस्वतीबाई जोशी यांनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा चालवली. १८८९ च्या मुंबई अधिवेशनाला पंडिता रमाबाई प्रतिनिधी म्हणून हजर होत्या.

१४. गोव्यात इंग्रज नव्हते. तेथील स्थिती काय होती?

तेथे सत्ता पोर्तुगिजांची आणि त्यामुळे राजकारणाची वाटही वेगळी होती. गोव्यातून लिस्बनच्या पार्लमेंटवर प्रतिनिधी जात. नावेली येथे जन्मलेले डॉ. फ्रांसिस्कु लुईस गोमिश १८६० च्या दशकात तेथे निवडून गेले आणि वसाहतींतील लोकांच्या हक्कांसाठी बोलले. ज्या प्रतिनिधित्वासाठी सार्वजनिक सभा १८७० च्या दशकात ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज करीत होती, ते गोव्याला अपुऱ्या स्वरूपात आधीच होते. दोन्ही चळवळींचा कालक्रम एकत्र मांडू नये.

१५. मवाळ आणि जहाल ही विभागणी या काळाला लावावी का? आणि तुम्ही १८९७ लाच का थांबता?

१८९५ च्या आधी ती लावली तर घोटाळा होतो, कारण तोवर टिळक, गोखले आणि रानडे एकाच सभेत काम करीत होते. त्या वर्षी पुण्यात काँग्रेस भरायची होती. रानड्यांची सामाजिक परिषद १८८७ पासून काँग्रेसच्या मांडवातच भरत असे; यंदा मांडव द्यायचा नाही, असा हट्ट पुण्यातील एका गटाने धरला आणि रानड्यांना ती अन्यत्र घ्यावी लागली. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकांच्या अनुयायांच्या हाती गेली. रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली.

नव्या कार्यकारिणीने केले काय, तर जुनेच काम अधिक जोराने केले. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेची माणसे पुन्हा गावोगाव गेली. या वेळी माहिती गोळा करण्यावर न थांबता, पीक बुडाले असेल तर साऱ्यात सूट मागण्याचा हक्क सरकारच्याच दुष्काळ संहितेने दिला आहे, हे त्यांनी शेतकऱ्यांना मराठीत समजावून सांगितले. सूट मिळत नसेल तर घरदार विकून सारा भरू नका, असेही सांगितले. सरकारला शेतकऱ्यांची परिस्थिती कळवणारी सभा चालत होती. शेतकऱ्यांना सरकारचा कायदा कळवणारी सभा चालली नाही. १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की, सार्वजनिक धोरणाच्या बाबतीत सरकारला पत्र लिहिण्यास अधिकारी असलेली संस्था म्हणून यापुढे पुणे सार्वजनिक सभेला मान्यता राहणार नाही.